सत्तावीस चिठ्ठ्या, तीन निकाल



मागच्या अंकात आम्ही लिहिले होते की तिसऱ्या सत्राच्या आठ शुक्रवारी वर्गात काय करायचे, ते या वेळी मुलेच मतदानाने ठरवतील. ते ठरले नाही. चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, मोजणी झाली, पालकसभेत आवाज चढले आणि शेवटी आम्ही ते मतदान रद्द केले. का रद्द केले ते नीट सांगायला हवे, कारण चूक मुलांची नव्हती, आमची होती. शिवाय या भानगडीत एक छानसे गणित दडलेले आहे. पाचवी आणि त्यापुढच्या मुलांनी कागद-पेन्सिल घेऊनच वाचायला बसावे. लहान मुलांना आई-बाबांनी वाचून दाखवावे.

आधी गेल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा आम्ही सोपा मार्ग धरला होता. फळ्यावर चार सूचना लिहिल्या आणि एकेक वाचून विचारले, "हे कोणाकोणाला हवे? हात वर करा." नाटकाचे नाव घेताच मागच्या बाकावरच्या मोठ्या मुलांचे हात वर गेले. मग मधल्या रांगेने मागे वळून पाहिले आणि तिचेही गेले. त्या दिवशी हजर होती २१ मुले. नाटकाला १४, सहलीला ५, भित्तिपत्रकाला २. चौथी सूचना तिसरीतल्या एका मुलीची होती: "आजीशी फोनवर बोलायला शिकवा." वर्गात खसखस पिकली. तिला मते मिळाली शून्य. म्हणजे जिने सूचना केली, तिचाही हात खालीच होता.

नाटक उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आठही शुक्रवार त्यातच गेले. सहा जणांना संवाद होते. बाकीचे झाडे, मावळे आणि पडद्यामागचा वारा झाले. 'सूं सूं' एवढ्या मराठीवर काही मुलांचे एक अख्खे सत्र पार पडले. सुट्टीनंतर त्या मुलीची आई भेटली, तेव्हा कळले की साताऱ्याला आजी महिनाभर नातीशी गप्पा मारू पाहत होती आणि नात प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होती. आजीने शेजारणीला सांगितले, पोर गुणी आहे, पण घुमी आहे. मुलगी घुमी मुळीच नाही. अल मुंतझाच्या आमच्या या खोलीत तिला गप्प बसवायला आम्हाला किती प्रयास पडतात, ते आम्हालाच ठाऊक.

मग तिचा हात वर का गेला नाही? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत एक प्रयोग केला होता. एका पत्त्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यातली पहिलीएवढी लांब कोणती, ते मोठ्याने सांगायचे. अगदी बालवर्गातला प्रश्न. पण खोलीतले बाकीचे सगळे जण ॲशने आधीच पढवलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या परीक्षार्थींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकीच्या बहुमतामागे गेली. उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितले, तेव्हा हे प्रमाण पुष्कळच घटले. डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेची ही कथा, तर "मला आजीचे बोलणे समजत नाही" हे चारचौघांत सांगण्याची काय असेल! वर गेलेले हात मोजताना आम्ही आवड मोजत नव्हतो, धीर मोजत होतो.

म्हणून या वर्षी आम्ही पद्धत बदलली. आधी गप्प बसून लिहायचे, मग बोलायचे. ही युक्ती आमची नव्हे. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन या दोघा अभ्यासकांनी १९७१ च्या सुमारास अमेरिकेत ती नीट बसवली. प्रत्येकाने न बोलता आपल्या कल्पना लिहायच्या. मग पाळीपाळीने एकेक वाचायची, त्यावर लगेच टीका नाही. मग "म्हणजे काय?" एवढेच विचारून अर्थ स्पष्ट करून घ्यायचा आणि शेवटी प्रत्येकाने एकट्याने क्रम लावायचा. फायदा कोणाचा? सावकाश विचार करणाऱ्यांचा, नव्याने आलेल्यांचा आणि ज्यांचे मराठी अजून अडखळते त्यांचा.

दहा मिनिटे खोलीत फक्त एसीचा आवाज होता. २७ मुलांनी चाळीसच्या वर चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातल्या पाच चिठ्ठ्या आम्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर होते, "आजी फोनवर भरभर बोलते." दुसरीवर, "काकूचा निरोप आईला सांगताना माझा चुकतो." तिसरीवर, "गावाला मी बोललो की सगळे हसतात." चौथीवर फक्त फोनचे चित्र, आणि पाचवीवर तिसरीतल्या त्याच मुलीचे अक्षर, ती आता चौथीत आहे. पाच मुले, पाच वेगवेगळी घरे, आणि प्रत्येकाला वाटत होते की ही अडचण आपल्या एकट्याचीच आहे.

एकसारख्या चिठ्ठ्या एकत्र करणे हेही जपून करण्याचे काम आहे. झुबारा किल्ल्याची सहल आणि अल ठखीराच्या खारफुटीची सहल या वेगवेगळ्या ठेवल्या, तर सहलवाल्यांची मते फुटतात आणि दोन्ही सहली पडतात. उलट सगळेच एका पिशवीत कोंबले, तर "गाणी", "नाटक" आणि "पोवाडा" मिळून 'सांस्कृतिक कार्यक्रम' होतो आणि कोणालाच आपली चिठ्ठी ओळखू येत नाही. आम्ही नियम केला: ज्याने चिठ्ठी लिहिली त्याने "चालेल" म्हटले, तरच ती दुसरीला चिकटवायची. अशा रीतीने नऊ सूचना उरल्या.

इथपर्यंत ठीक होते. मग आम्ही घाई केली. नऊ फार होतात म्हणून त्यातल्या तीन आम्हीच निवडल्या: नाटक, सहल आणि फोन. ही पहिली चूक. मुलांना सांगितले, या तिन्हींचा आपल्या पसंतीने क्रम लावा. पण क्रम लावल्यावर मोजायचे कसे, ते आधी ठरवले नाही. ही दुसरी चूक, आणि मोठी.

चिठ्ठ्या उघडल्या त्या अशा:

११ मुले: पहिले नाटक, दुसरे फोन, तिसरी सहल.
९ मुले: पहिली सहल, दुसरे फोन, तिसरे नाटक.
७ मुले: पहिले फोन, दुसरी सहल, तिसरे नाटक.

आता पेन्सिली उचला. फक्त पहिली पसंती मोजली तर नाटक ११, सहल ९, फोन ७. नाटक जिंकले. भारतात आमदार-खासदार असेच निवडून येतात: ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग निम्म्याहून जास्त लोकांना तो नको असला तरी. इथेही पाहा, २७ पैकी १६ मुलांनी नाटक शेवटी टाकले आहे.

दुसरी रीत. सर्वांत कमी मते मिळालेला पर्याय बाद करा आणि उरलेल्या दोघांत पुन्हा लढत लावा. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून जास्त मते न मिळाल्यास अशाच दोन फेऱ्यांत निवडला जातो. आपल्याकडे फोन बाद झाले. त्या ७ मुलांची दुसरी पसंती सहल. म्हणजे सहल १६, नाटक ११. सहल जिंकली.

तिसरी रीत. पहिल्या पसंतीला ३ गुण, दुसरीला २, तिसरीला १. नाटक: ११ गुणिले ३ अधिक १६ गुणिले १, म्हणजे ४९. सहल: २७ अधिक १४ अधिक ११, म्हणजे ५२. फोन: ७ गुणिले ३ अधिक २० गुणिले २, म्हणजे ६१. फोन जिंकले! (तिन्हींची बेरीज १६२ यायला हवी, २७ गुणिले ६. येत नसेल तर पुन्हा करा.)

चिठ्ठ्या त्याच, मुले तीच, एकाही मुलाने मत बदललेले नाही, आणि विजेते तीन.

पालकसभेत काय झाले असेल ते ओळखा. ज्यांच्या घरी नाटकाचे वेड, त्यांना पहिली रीत न्याय्य वाटली. सहलवाल्यांना दुसरी. गुणांची रीत काढणाऱ्या आमच्यावर "तुम्हाला हवे ते येईपर्यंत मोजत राहणार का?" असा प्रश्न आला. प्रश्न झोंबला, पण योग्य होता. मनातून आम्हाला फोनच हवे होते. निकाल दिसल्यावर रीत निवडणारा माणूस निकालच निवडत असतो. म्हणून मतदान रद्द केले.

गुणांची रीत जुनी आहे. ज्याँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणिती आणि आरमारी अधिकाऱ्याने १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ती मांडली. तिच्यात एक फट आहे. समजा एखाद्याला नाटक हवे आहे आणि सहलीची भीती वाटते. तो सहल मुद्दाम तळाला टाकतो, खरे मत तसे नसले तरी. हे दाखवून दिल्यावर बोर्दाने आपली रीत प्रामाणिक माणसांसाठी आहे असे उत्तर दिले, असे सांगतात. त्याच्याच काळातला कोंदोर्से म्हणत होता की प्रत्येक जोडीची वेगळी लढत लावा. आमच्या चिठ्ठ्यांत तसे केले तर फोन नाटकाला १६ विरुद्ध ११ ने आणि सहलीला १८ विरुद्ध ९ ने हरवते. पण कोंदोर्सेने १७८५ मध्ये स्वतःच एक गंमत दाखवून दिली. तीन मित्र. पहिल्याला आवडते आमरस, मग श्रीखंड, मग पुरणपोळी. दुसऱ्याला श्रीखंड, पुरणपोळी, आमरस. तिसऱ्याला पुरणपोळी, आमरस, श्रीखंड. (पदार्थ आमचे, गंमत त्याची.) जोड्या लावून पाहा. कोण जिंकते? उत्तर सापडले नाही तर दमू नका, कारण ते गोल गोल फिरते.

तेव्हा निर्दोष रीत कुठली ते शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याला काय टाळायचे आहे ते पाहून रीत निवडायची आणि चिठ्ठ्या उघडण्याआधी ती फळ्यावर लिहून ठेवायची.

मोठ्या माणसांच्या जगात हे कसे करतात? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा भरू लागल्या. रस्ते, पाणी, सांडपाणी, घरे यांपैकी आधी काय, याचा क्रम तिथले लोक लावत आणि त्या क्रमाला गुण मिळत. पण नुसते तेवढ्यावर पैसे वाटले जात नसत. त्या भागात किती लोक राहतात आणि ती सोय तिथे किती अपुरी आहे, यालाही गुण असत. म्हणजे ज्या वस्तीत नळच नाही, तिच्या मागणीला जास्त वजन. आम्हाला हे फार पटले. आपल्या पुण्यातही २००६ साली महापालिकेने नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले. प्रभागातल्या लोकांनी अर्ज भरून पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी कामे सुचवायची. तिथे अंतिम निवड मात्र पालिकेकडेच राहते. सुचवणे एकाचे आणि क्रम लावणे दुसऱ्याचे, असा तो प्रकार. आम्ही नऊच्या तीन सूचना केल्या, तेव्हा आम्हीही तेच केले होते.

जे त्या दिवशी आलेच नाहीत त्यांचे काय, हा आणखी एक प्रश्न. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदान होते, ते 'आडवी बाटली' म्हणून पुष्कळ पालकांना माहीत असेल. मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली असते. २००८ च्या आदेशाप्रमाणे आलेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. म्हणून तिथल्या बाया शेताशेतांत जाऊन बायकांना बोलावून आणतात. गेल्या वर्षी हात वर करायला सांगितले त्या शुक्रवारी अल वकराकडची सहा मुले आलीच नव्हती, आणि आम्ही त्यांना विचारलेही नाही.

आणि सगळेच मताला टाकायचे का? गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंड गाव आहे. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत बोलणे चालू राहते, आणि विषय अवघड असेल तर अभ्यासगट बसून आधी माहिती गोळा करतो. वेळ लागतो. पण जंगल तोडायचे की राखायचे, यात हरलेल्यांनाही त्याच गावात राहायचे असते. आमच्या वर्गात आठवड्याला दीड तास मिळतो, त्यामुळे सगळ्या गोष्टी अशा ठरवता येणार नाहीत. पण दोन बाबी आम्ही मतदानाबाहेर काढल्या आहेत: कोणाला वर्गात घ्यायचे, आणि नाटक झालेच तर प्रत्येकाला बोलायला वाक्य मिळायचे की नाही. घ्यायचेच, आणि मिळायचेच.

आता नवी रीत. भारतात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून खेड्यांत काम करणाऱ्या संस्था एक पद्धत वापरत आल्या आहेत. जमिनीवर चित्रे काढायची, कोणते झाड हवे, कोणती विहीर आधी दुरुस्त करायची, आणि गावकऱ्यांनी त्यापुढे चिंचोके किंवा खडे ठेवायचे. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. ढीग सगळ्यांना दिसतो, आणि "इथे इतके का ठेवले?" असे विचारले की खरे बोलणे सुरू होते. आपल्या पहिलीतल्या मुलांना अजून जोडाक्षरे येत नाहीत, पण बी टाकता येते. इथे सोललेली चिंच मिळते, चिंचोके दुर्मिळ. खजुराच्या बिया मात्र हव्या तेवढ्या. (इथल्या एका उत्तम खजुराचे नाव 'खलास' आहे. दुकानदाराने "खलास, खलास" म्हटले की नवी मराठी मंडळी माल संपला समजून परत फिरतात!)

पर्यायांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी मते प्रत्येकाला द्यावीत असा ठोकताळा आहे. सूचना नऊ, नऊच्या नऊ, म्हणून प्रत्येक मुलाला तीन बिया. एका डब्यात जास्तीत जास्त दोन टाकता येतील, म्हणजे ज्याला एकच गोष्ट मनापासून हवी आहे त्याला तसे दाखवता येईल, पण तिन्ही तिथेच ओतता येणार नाहीत. डबे श्रीखंडाचे, रिकामे, झाकणाला फट पाडलेले आणि वर चित्र चिकटवलेले. उघड्या वाट्या ठेवल्या असत्या तर शेवटी येणारा ढीग पाहून बी टाकतो, आणि आपण पुन्हा मागच्या बाकाकडे वळून पाहायला लागलो असतो. एकेकाने पडद्याआड जायचे. आई-बाबांनी बाहेर थांबायचे.

मोजणी त्याच दिवशी होणार नाही. जी मुले येणार नाहीत त्यांच्या बिया नाव घातलेल्या पाकिटात राहतील आणि त्यांनी त्या पुढच्या शुक्रवारी टाकायच्या. मगच डबे उघडायचे. बिया एकूण ८१ भरायला हव्यात. ८० भरल्या तर खिसे तपासले जातील.

आणि निकालाचा नियम आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी आम्हाला विचारायला नको. पहिल्या क्रमांकाच्या सूचनेला पाच शुक्रवार, दुसऱ्या क्रमांकाच्या सूचनेला तीन. आठही शुक्रवार एकालाच मिळाले, हेच गेल्या वर्षी अनेकांना जड गेले होते. बरोबरी झाली तर वर्गातले सर्वांत लहान मूल चिठ्ठी उचलेल. सहल जिंकली तर झुबारा की अल ठखीरा, हे सहलीला बी टाकणारेच नाही, तर सगळे मिळून ठरवतील.

येत्या शुक्रवारी प्रत्येकाने तीन बिया आणाव्यात. स्वच्छ धुऊन, दोन दिवस वाळवून. मागच्या खेपेला काहींनी चिकट बिया आणल्या होत्या आणि मुंग्यांनीही मतदान केले. वाडग्यात जास्तीच्या बिया आम्ही ठेवूच. तिसरीतून चौथीत गेलेल्या आमच्या त्या मैत्रिणीने विचारले आहे, "बिया आजीने पाठवल्या तर चालतील का?" चालतील, पण तीनच.